बाल्कांवासाठी आठ हजार: आधी सावली, मग रंगरंगोटी

फोंडा तालुक्यातील एका वाचक भगिनींचे पत्र:

"आमचे घर चिऱ्यांचे, कौलारू आणि साधारण साठ वर्षांचे आहे. समोर दहा फूट रुंदीचे बाल्कांव (दारापुढची छपराखालची बसायची जागा) असून दोन्ही बाजूंना बांधीव सोपे, म्हणजे बसायचे ओटे, आहेत. बाल्कांवाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे मार्चपासून दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. माझे सासरे ८१ वर्षांचे आहेत. दुपारचा चहा ते रोज तिथेच घेत असत. गेल्या उन्हाळ्यापासून मात्र आतल्या खोलीत पंख्याखाली बसू लागले आहेत. चार वर्षांपूर्वी लावलेला प्लास्टिक रंग पापुद्र्यांनी सुटला आहे, तांबड्या कोब्याची जमीन निस्तेज झाली आहे आणि दोन वेताच्या खुर्च्यांची वीण तुटली आहे. मेच्या मध्यावर मुंबईहून नणंदेचे कुटुंब येणार आहे, त्याआधी बाल्कांव नीटनेटके करावे असे मनात आहे. हाताशी आठ हजार रुपये आहेत. यजमानांचे म्हणणे, पुढे पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवून खाली नव्या फरशा घालाव्यात. सुनेचे म्हणणे, कृत्रिम गवत अंथरून टांगत्या कुंड्या आणि दिव्यांच्या माळा लावाव्यात. मला दोघांचेही मन मोडायचे नाही. पैसे कशावर खर्च करावेत आणि सुरुवात कुठून करावी?"

स. न. वि. वि.

तुमच्या पत्रात रंग, जमीन, खुर्च्या आणि पाहुणे हे सगळे आले आहे. पण मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सासऱ्यांबद्दलचे वाटले. जे बाल्कांव घरातल्या सर्वांत वडील माणसाला दुपारी चार वाजता नकोसे वाटते, ते कितीही सजवले तरी मुंबईचे पाहुणेही तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त बसणार नाहीत. म्हणून माझा सल्ला असा की, आठ हजारांतला पहिला आणि सर्वांत मोठा वाटा सावलीवर खर्च करावा, दुसरा भिंतीवर, आणि उरलेल्या रकमेत जमीन, बैठक आणि झाडे बसवावीत. हा क्रम बदलू नये, कारण ऊन अडवल्याशिवाय पुढच्या कोणत्याही खर्चाचे समाधान तुम्हाला मिळणार नाही.

ऊन नेमके कुठून येते ते आधी पाहू. गोवा साधारण १५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, आणि त्या वेळचे ऊन तुमचे कौलारू छप्पर व त्याच्या वळचणी सहज अडवतात. त्रास त्यानंतर सुरू होतो. मेच्या मध्यावर चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर आणि पाच वाजता सुमारे २५ अंशांवर उतरलेला असतो, म्हणजे तो छपराखालून सरळ आत शिरतो आणि सोपे, जमीन व मागची भिंत तापवतो. चिरा आणि सिमेंट ही उष्णता साठवून ठेवतात आणि सूर्य मावळल्यावर बराच वेळ बाहेर टाकत राहतात. संध्याकाळी सातलाही सोपा गरम लागतो तो यामुळेच. शिवाय त्या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तो पश्चिमेपासून सुमारे २० अंश उत्तरेकडे सरकलेला असतो. त्यामुळे समोरच्या बाजूइतकीच वायव्येकडची, म्हणजे बाल्कांवात उभे राहून अंगणाकडे पाहताना उजव्या हाताची बाजू झाकणे महत्त्वाचे आहे, आणि बहुतेक घरांत नेमकी तीच उघडी राहते.

आता खरी अडचण अशी की आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचा वारासुद्धा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडूनच येतो. जे ऊन अडवेल ते वाराही अडवण्याचा धोका असतो. यजमानांनी सुचवलेला पारदर्शक पत्रा मला याच कारणासाठी पटत नाही. त्यातून उजेडाबरोबर उन्हाचा मोठा भाग आत येईल, वारा मात्र पूर्ण बंद होईल, आणि कौलांखाली साचलेल्या गरम हवेला बाहेर पडायला वाट उरणार नाही. वर त्यासाठी लागणारा लोखंडी सांगाडा, वेल्डिंग आणि मजुरी यांतच तुमचे आठ हजार संपतील. पावसाळ्यात सोप्यांवर येणारी झड रोखण्यासाठी त्यांना पत्रा हवा असेल, तर तो विचार समजण्यासारखा आहे. पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा निर्णय ऑगस्टमध्ये, पाऊस नेमका कुठून आत येतो हे पाहून घ्यावा.

तुमच्या घरासाठी सर्वांत योग्य आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाल्कांवाच्या पुढे घातलेला लहानसा माटव, म्हणजे मांडव. पूर्वी पाऊस सरल्यावर अंगण चोपून, शेणाने सारवून त्यावर माटव घालण्याची पद्धत बहुतेक घरांत होती आणि मे महिन्याच्या शेवटी तो उतरवला जाई. तुम्हाला सगळे अंगण झाकायचे नाही. वळचणीपासून पुढे पाच-सहा फूट आणि बाल्कांवाच्या रुंदीपेक्षा उत्तरेकडे दोन-तीन फूट जास्त एवढा माटव पुरे. तुमच्या तालुक्यात कुळागरांची, म्हणजे पोफळीच्या बागांची, कमतरता नाही. ओळखीच्या कुळागरात जुनी, पडलेली पोफळ मिळाली तर खांब आणि आडव्या पट्ट्या त्यातूनच निघतील, नाहीतर बांबू घ्यावेत. बांधायला सुंभ वापरावा, तारेचा मोह टाळावा, कारण उतरवताना सुंभ कापून मोकळे होता येते आणि खांबही पुढच्या वर्षी वापरता येतात. माटवाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फूटभर खाली ठेवली, तर चार वाजताचे उतरते ऊन तिथेच अडते. वरच्या बाजूला मात्र माटव आणि वळचण यांच्यात वीतभर फट सोडावी, म्हणजे गरम हवा तिथून निघून जाईल.

वर घालायला विणलेल्या झावळ्या, म्हणजे आपली मल्लां, याहून चांगले काही नाही. घरचे माड असतील तर पाडेली नारळ पाडायला येईल तेव्हाच त्याच्याकडून चुडते (झावळ्या) उतरवून घ्यावीत. झावळी मधल्या दांड्यावरून उभी चिरून तिचे दोन भाग करावेत, ते काही दिवस पाण्यात भिजत ठेवावेत आणि मऊ झाले की विणायला घ्यावेत: एक पात सोडून दुसरी पात उलट दिशेने दुमडत नेली की घट्ट झाप तयार होतो. गावात हे करणारे हात अजून आहेत. त्यांना मजुरी द्यावी आणि घरातल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवून शिकून घ्यायला सांगावे. मल्लांचा मोठा गुण असा की ती स्वतः तापून खाली उष्णता फेकत नाहीत आणि पातींच्या फटींतून वारा खेळता राहतो. विणलेली मल्लां वेळेत मिळाली नाहीत तर शेतीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी ५० टक्के सावलीची जाळी त्याच सांगाड्यावर ताणून बांधावी. तिच्याखाली उजेड हिरवट पडतो आणि ती दिसायलाही फारशी देखणी नसते, पण काम करते आणि नीट घडी करून ठेवली तर काही वर्षे टिकते.

माटवामुळे तीन ते साडेचारपर्यंतचे ऊन अडेल. त्यानंतरचे आडवे ऊन अडवायला समोर बांबूच्या कामट्यांचे दोन गुंडाळी पडदे लावावेत, प्रत्येकी पाच फूट रुंदीचे. एकच दहा फुटांचा पडदा घेऊ नये. तो जड होतो, मध्ये झोळ येतो आणि ये-जा करायला वाट राहत नाही. हे पडदे वळचणीच्या बाहेरच्या कडेला टांगावेत आणि सोप्याच्या कठड्याच्या चार बोटे वर थांबवावेत. सकाळी ते गुंडाळून ठेवले की बाल्कांव पूर्वीसारखे मोकळे दिसते. उजव्या बाजूला, जिथून कोणी येत-जात नाही, तिथे मल्लांचा एक उभा झाप कायमचा बांधून टाकावा.

कोणी वाळ्याचे पडदे सुचवले तर ते नम्रपणे नाकारावेत. वाळा पाण्याने भिजवला की त्यातले पाणी उडून जाताना हवा थंड होते, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. आपल्याकडे मे महिन्यात हवेत आधीच इतकी आर्द्रता असते की तो पडदा गारवा कमी आणि चिकचिक जास्त देतो. बाल्कांवाच्या जमिनीवर भर दुपारी पाणी मारण्याबाबतही हेच म्हणता येईल. अंगणात संध्याकाळी थोडे शिंपण करायला हरकत नाही.

सावलीचा हा सगळा खर्च साडेतीन हजारांत बसवण्याचा प्रयत्न करावा. घरची चुडते आणि ओळखीतली पोफळ मिळाली तर त्यातून पैसे उरतील, ते तसेच ठेवावेत. एक काळजी मात्र नक्की घ्यावी: वाळलेली मल्लां ठिणगीने पेटतात. तुळशीपुढचा दिवा, उदबत्ती आणि संध्याकाळचा धूप यांपासून माटव पुरेसा लांब असावा आणि माटवाखाली विजेची उघडी जोडणी कुठेही नसावी.

रंगाला हात घालण्यापूर्वी कौले परतून घ्यावीत. ती पावसाआधी परतायचीच असतात, म्हणून त्याचा खर्च मी या आठ हजारांत धरत नाही; पण रंग आधी आणि कौले नंतर असे झाले तर वरची धूळ, कोळिष्टके आणि कौलांचा चुरा सगळा नव्या भिंतीवर आणि पडद्यांवर पडेल. माटवसुद्धा कौलांचे काम संपल्यावरच बांधावा.

आता भिंत. तुमचा प्लास्टिक रंग चार वर्षांत पापुद्र्यांनी सुटला, यात रंग देणाऱ्याचा दोष असेलच असे नाही. चिऱ्याची जुनी भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि ती ओल भिंतीच्या पृष्ठभागातून बाहेर पडू पाहते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा रंग ती ओल बाहेर पडू देतात, प्लास्टिक रंग तिला आतच कोंडतो. मग ती रंगाला मागून ढकलते, फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात. त्याच जागी पुन्हा तोच रंग, मग तो कितीही महागडा असो, दिला तर पुन्हा तेच होईल. तुमच्या भिंतीला चुना द्यावा असे मी आग्रहाने सांगते. तो स्वस्त आहे, तो घरच्या माणसांना लावता येतो, आणि पांढरी भिंत उन्हाचा बराचसा भाग परतवून लावते.

मात्र चुना प्लास्टिक रंगावर धरत नाही, म्हणून आधीचा रंग खरवडून पूर्ण काढला पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यात घाई केली तर पुढचे सगळे वाया जाते. पत्र्याच्या पट्टीने सुटलेले पापुद्रे काढावेत, चिकटून राहिलेला भाग तारेच्या ब्रशने घासावा, भिंतीवर पांढरा लोणा दिसत असेल तर तो कोरडाच झाडून टाकावा, पाण्याने धुऊ नये. कुठे गिलावा पोकळ वाजत असेल तर तेवढा भाग चुना आणि बारीक वाळूने भरून घ्यावा. गवंडी सिमेंट भरू म्हणाला तर त्याला थांबवावे, कारण सिमेंटच्या ठिगळाभोवती ओल साचते आणि पुढच्या पावसात नेमकी तिथलीच कड सुटते.

कळीचा चुना घरी भिजवायचा असेल तर खूप जपून. तो पाण्यात पडताच पाणी उकळू लागते, म्हणून प्लास्टिकची बादली वापरू नये, लोखंडी पिंप घ्यावे. पाण्यात चुना थोडा थोडा टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे असावेत, आणि लहान मुले व गुरे जवळ नसावीत. ही दगदग नको असेल तर भिजवून तयार केलेला चुना किंवा पिशवीतली विझवलेल्या चुन्याची भुकटी आणावी. एका किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी धरावे, मिश्रण चोवीस तास तसेच ठेवावे आणि जाड्याभरड्या कापडातून गाळून घ्यावे. दहा लिटरला साधारण ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून त्यात घालावा, म्हणजे चुना भिंतीला चांगला धरतो. चिमूटभर निळीने पिवळेपणा जातो.

लावण्यापूर्वी भिंत पाण्याने ओलसर करून घ्यावी, कारण कोरडी भिंत चुन्यातले पाणी लगेच ओढून घेते आणि मग चुना भुकटीसारखा सुटतो. हात पातळ द्यावा, इतका पातळ की लावताना खालची भिंत दिसत राहते आणि आपण काहीच लावले नाही असे वाटते. वाळताना तो पांढरा होत जातो. पहिला हात उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा, आणि प्रत्येक हातानंतर एक दिवस थांबावे. तुमचे बाल्कांव पश्चिमेकडे असल्यामुळे हे काम सकाळीच उरकावे, कारण दुपारच्या उन्हात तो फार लवकर वाळतो आणि नीट पक्का होत नाही. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू दगड होतो, आणि त्यासाठी त्याला सावकाश वाळू देणे भाग असते.

चुन्याचा एक तोटाही सांगायला हवा. डिंक घातला तरी पाठ टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला तो थोडा लागतो. म्हणून सोप्यांच्या मागे, बसणाऱ्याच्या खांद्यापर्यंतच्या उंचीवर, साधी चटई आडवी टांगावी. सासऱ्यांची जागा ठरलेली असेल तर निदान तिथे तरी ती हवीच.

भिंतीच्या तळाशी फूटभर उंचीचा तांबडा पट्टा द्यावा. पावसात अंगणातल्या तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतीवर एवढ्याच उंचीपर्यंत उडतात आणि पांढरी भिंत पहिल्याच आठवड्यात डागाळते. काव मिसळलेल्या चुन्याचा पट्टा ते डाग पोटात घेतो. काव ही माती असल्यामुळे तिचा रंग चुन्यात टिकतो, बाजारातल्या इतर रंगद्रव्यांपैकी अनेक चुन्यात फिके पडतात. गोव्यातल्या जुन्या देवळांवर आणि घरांवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यात तांबड्या रंगाचे जे कावी नक्षीकाम दिसते, तेही याच दोन रंगांचे. ते काम कसबी हाताचे आहे आणि घरी कुंच्याने त्याची नक्कल करू नये. पण नुसता सरळ पट्टा आणि तुळशीवृंदावनाच्या कडांना त्याच तांबड्या रंगाची रेघ एवढ्याने घर आणि अंगण एकत्र जोडलेले दिसतील. चुना, काव, डिंक, कुंचे आणि तारेचे ब्रश यांसाठी दीड हजार बाजूला ठेवावेत. खरवडायला एक दिवसाचा मजूर घ्यावा लागला तर सावलीतून उरलेले पैसे इथे वापरावेत.

जमिनीबाबत यजमानांना मी मनापासून विनंती करेन की त्या तांबड्या कोब्यावर फरशा घालू नयेत. साठ वर्षे टिकलेला कोबा अजून साठ वर्षे टिकू शकतो, आणि अशी जमीन नव्याने करणारे कारागीर आता शोधावे लागतात. तो निस्तेज झाला आहे तो बहुधा फिनेल, साबण आणि धूळ यांच्या थरामुळे. कोमट पाणी आणि थोडा सौम्य साबण घेऊन नारळाच्या सोडणाने तो गोलाकार घासावा, दोनदा स्वच्छ पाण्याने पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. न्हाणीघर साफ करायचे ॲसिड चुकूनही वापरू नये, ते सिमेंट खाते आणि पडलेले पांढरे डाग कायमचे राहतात. वाळल्यावर लाल मेणाचे पॉलिश अगदी पातळ लावून सुती कापडाने, हात दुखेपर्यंत, घासावे. पायऱ्यांना मात्र पॉलिश लावू नये. ८१ वर्षांच्या माणसाच्या घरात निसरडी पायरी नको. यासाठी पाचशे रुपये पुरेत.

कृत्रिम गवताबद्दल सुनेला हे सांगावे की उन्हात ते खालच्या कोब्यापेक्षाही जास्त तापते, आणि पावसाळ्यात त्याच्याखाली ओल धरून बुरशी येते. तिची हिरवळीची इच्छा रास्त आहे आणि ती दुसऱ्या मार्गाने पूर्ण होईल.

वेताच्या दोन्ही खुर्च्यांचे सांगाडे शाबूत असतील तर त्या विणून घ्याव्यात. आधी सांध्यांत वाळवी किंवा भुंगा नाही ना, हे लाकडावर बोटाने वाजवून पाहावे. पोकळ आवाज आला तर पैसे घालू नयेत. लाकडाला जवसाचे तेल द्यायचे असेल तर ज्या चिंध्यांनी ते लावाल त्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि अशा चिंध्यांचा बोळा उन्हाळ्यात आपोआप पेटू शकतो. त्या बाहेर दोरीवर पसरून वाळवाव्यात. सोप्यांवर दोन इंचांपेक्षा जाड गाद्या घालू नयेत, त्या गरम होतात. काथ्याची पातळ गादी आणि त्यावर जुन्या सुती साडीचे कव्हर पुरते, आणि ते धुता येते. घरात आजेसासूबाईंची एखादी चौकटीची जुनी कुणबी साडी विरलेली पडून असेल, तर तिच्या धडक्या भागाची दोन कव्हरे बाल्कांवात जितकी शोभतील तितके बाजारातले काही शोभणार नाही. बैठकीला सतराशे रुपये धरावेत.

झाडांचे काम सुनेवर सोपवावे आणि पूर्ण सोपवावे. तिला फक्त एवढे सांगावे की एप्रिलमध्ये रोपवाटिकेतून पुष्कळ झाडे आणू नयेत, कारण या दिवसांत मुळे धरायला त्रास होतो आणि तुमच्या विहिरीचेही पाणी मेमध्ये खाली जात असेल. परसातल्या कुंड्याच पुढे आणाव्यात. माटवाच्या सावलीत मनी प्लांट, नेचे आणि अबोली छान राहतील. बोगनवेल मात्र माटवाबाहेर उन्हात हवी. तिला ऊन जास्त आणि पाणी कमी मिळाले तरच फुले भरभरून येतात. टांगत्या कुंड्यांचा हट्ट असेल तर दोनच असाव्यात, त्याही माणसांच्या वाटेवर नकोत. टांगलेली कुंडी चारही बाजूंनी वारा लागून लवकर सुकते आणि तिला रोज पाणी लागते. मातीच्या कुंड्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा डिचोलीकडे मिळतात. प्लास्टिकपेक्षा त्यांत मुळे थंड राहतात. मातीवर सोडणाचे तुकडे पसरले की ओलावा टिकतो. तांदूळ धुतलेले पाणी झाडांनाच घालावे. कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून कोरड्या कराव्यात, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याला अंड्यातून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाडांसाठी आठशे रुपये तिच्या हाती द्यावेत आणि हिशेब विचारू नये.

दिव्यांच्या माळा नकोत असे मी म्हणणार नाही, पण एकच पुरे, आणि ती मल्लांना न चिकटवता भिंतीच्या बाजूने न्यावी. मुख्य दिवा पिवळसर उजेडाचा एलईडी असावा; पांढऱ्या, निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात.

तारखांचे गणित असे जमवावे: एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कौले आणि भिंत खरवडणे, दुसऱ्या पंधरवड्यात चुना आणि जमीन, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात माटव, पडदे आणि बैठक. सासऱ्यांना माटवाची उंची आणि पडद्यांची जागा आधी विचारून घ्यावी. त्या बाल्कांवात ऊन केव्हा कुठे येते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसेल.

गोव्यात मान्सून साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो आणि मेअखेरच वळवाचे वारे जोर धरतात, म्हणून पाहुणे परतले की २५ मेच्या सुमारास माटव उतरवावा. सुकलेली मल्लां फेकू नयेत, पावसाची झड ज्या भिंतीवर येते तिला ती आडवी बांधावीत. बांबूचे पडदे पूर्ण वाळवून, गुंडाळून, माळ्यावर जमिनीला न टेकता ठेवावेत. पहिला पाऊस पडून गेला की म्हार्दोळहून जाईची दोन कलमे आणून बाल्कांवाच्या उजव्या खांबाशी लावावीत. त्या बाजूला वेल चढला की पुढच्या काही वर्षांत तिथला झाप बांधण्याचे काम कमी होईल.